चाळीस हिरवे दिवे

मी, चांगुणा ग्यानोबा सोनकांबळे, वय एकसष्ट, धंदा शेतातल्या मोटारी लाईट आली की आपोआप चालू करणारे ऑटो-स्टार्टर बोर्ड बनवणे, राहणार देगलूर, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे, आणि हे लिहावं म्हणून माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. लिहू नये म्हणून मात्र दोन दिवस घरात वाद चालू आहे. सोमवारी लातूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात, पण कागदावर सही माझ्याकडूनच घेतात.

साक्षीला शेजारीण गुरम्मा पाटील आणि मोटार मेकॅनिक मन्मथ बिरादार यांना आज चार वाजता बोलावलं आहे. सही करण्याआधी मन्मथ यांनी हा कागद शेवटपर्यंत वाचावा. सहाव्या कलमात आहे ते त्यांना अजून माहीत नाही. आता अडीच वाजले आहेत.

१. देगलूरचं घर, पुढच्या कामाच्या खोलीसह, मुलगा सुगत याला. ती खोली भाड्याने देऊ नये असं लिहिणार होते. पण मेल्यावरही घरात लुडबुड कशाला, त्याचं त्याने बघावं.

२. माझे सोन्याचे दागिने आणि बँकेतली अर्धी ठेव मुलगी लुंबिनी हिला. ती नांदेडला नर्स आहे. पितळेचा मोठा हंडा अठरा वर्षांपासून माझ्या जावेकडे आहे, तोही लुंबिनीचा. जाऊ विसरली असेल, मी विसरलेले नाही.

३. सोल्डरगन, मल्टिमीटर आणि जोडणीच्या आकृत्यांच्या सहा वह्या सुगतला. या आकृत्या मी काढलेल्या आहेत. बोर्डाच्या चिपेत जो प्रोग्राम असतो, तो लातूरच्या रुद्रेश यांनी लिहिला, हे खरं. पण स्वतःच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख ‘आमच्या चिपा भरणाऱ्या बाई’ एवढीच करून दिली. त्या मांडवातलं जेवण मला गोड लागलं नाही, हे आता त्यांना कळायला हरकत नाही.

४. चिपा भरायची पेटी. हिच्यासाठीच एवढं सगळं लिहिणं आहे. मला कॉम्प्युटर येत नाही आणि घरात कधी आणलाही नाही. रुद्रेशनी आपल्या कॉम्प्युटरवरून प्रोग्राम एकदाच या पेटीत घालून दिला. तेव्हापासून कोरी चीप पेटीच्या खाचेत बसवायची, बटण दाबायचं आणि हिरवा दिवा लागला की काढायची. लाल लागला तर चीप फेकायची. अशा हजारो चिपा मी भरल्या.

पेटीत दोन जागा आहेत. एक नंबरला जुना प्रोग्राम, दोनला सुधारलेला. जुन्यात खोट होती. मोटार बंद करायचं बटण दाबलेलं असताना लाईट जाऊन परत आली, तर जुना प्रोग्राम ते बटण विसरतो आणि दोन मिनिटांनी मोटार आपोआप चालू करतो. सुधारलेला विसरत नाही. रुद्रेश जुना पुसून टाकणार होते. जुने बोर्ड दुरुस्तीला येतात, असू द्या, असं मीच म्हटलं. ही पहिली चूक, आणि ती माझी.

५. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी दोन नंबरवरून चिपा भरत होते. मध्येच लाईट गेली, पाच मिनिटांत आली, आणि मी पुढे भरत राहिले. लाईट गेली की पेटी आपली आपण एक नंबरवर येते. नंबर सांगणारा बारीक दिवा डाव्या कोपऱ्यात असतो. मी हिरव्या दिव्याकडे बघत होते. तो चाळीस वेळा लागला. पेटीतलं चिपेत नीट उतरलं, एवढंच तो दिवा सांगतो. पेटीतलं बरोबर आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार?

६. त्या चाळीसपैकी एक बोर्ड बिलोलीजवळच्या एका बोअरवर बसला. मन्मथ तिथे कॉम्प्रेसरचा पट्टा बदलायला गेले. मोटार चालू होती. त्यांनी बंदचं बटण दाबलं, तेवढ्यात लाईट गेली, आणि त्यांनी पट्ट्यात हात घातला. लाईट आली. दोन मिनिटांनी मोटार फिरली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

गाव म्हणालं, पिऊन आला असेल. मी दवाखान्यात भेटायला गेले, तर ते स्वतःच म्हणाले, “अक्का, माझीच चूक हाय. बटन दाबायचं राह्यलं आसंल माझ्याकून.”

आठ दिवसांनी तो बोर्ड दुरुस्तीला माझ्याकडेच आला. मी टेबलावर जोडला, बंदचं बटण दाबलं, वायर काढली, परत लावली आणि घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटांनी मोटार चालू करणारा रिले खटकन वाजला.

मन्मथ, तुम्ही बटण दाबलं होतं. मेन फ्यूज काढायला हवा होता हे खरं, पण इकडे कोण काढतं? तुम्ही प्यायलेलेही नव्हता. हे मला दोन वर्षं माहीत होतं. तुमच्या बायकोने माझ्यासमोर तुम्हाला बेपर्वा म्हटलं, तेव्हा मी चहाचा कप हातात धरून गप्प बसले. मला माझ्या धंद्याची भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

७. चाळीसपैकी तो एक माझ्याकडे आला; आणखी छत्तीस बोर्ड मी ‘नवीन मॉडेल आलं आहे, बदलून घ्या’ असं खोटं सांगून परत आणले आणि फोडले. तीन अजून कुठेतरी चालू आहेत. ते गिऱ्हाईकाचं नाव न लिहिता विकले गेले. देगलूर, बिलोली, उमरी, सगळे बाजार फिरले, दुकानदारांना विचारलं, वायरमनना विचारलं. एका मन्मथला विचारलं नाही. कशासाठी इचारून राहिलात, असं त्यांनी विचारलं असतं.

८. ते तीन बोर्ड सापडेपर्यंत सुगतने एकही नवा बोर्ड विकू नये. गावोगाव खरं कारण छापून पत्रकं लावावीत. पेटी आधी रुद्रेशकडे न्यावी, एक नंबरची जागा आपल्यासमोर पुसून घ्यावी, मग पेटी सुगतची. बँकेतली उरलेली अर्धी ठेव मन्मथ यांना. त्यांनी ती घेतली नाही, तरी माझं काही म्हणणं नाही.

काल रात्रीच्या जेवणाला याचा कच्चा कागद वाचून सुगत ताटावरून उठला. “माय, हे कागदावर कशाला लिहून राहिलीस? तू गेल्यावर लोकं माझ्या दारात येतील.”

मी म्हटलं, “येऊ दे की. दार तर तुलाच देऊन राहिले.”

तो हसला नाही. नंतर बराच वेळ माझ्याशेजारी बसून राहिला. भीती त्यालाही वाटते आणि मलाही वाटते. ऑपरेशनची कमी, चार वाजायची जास्त.

९. साक्षीदारांना सहीखाली काही लिहायचं असेल तर जागा सोडली आहे. मन्मथ यांनी शिव्या लिहिल्या तरी त्या खोडू नयेत.

आधीचं कोणतंही मृत्युपत्र मी केलेलं नाही. हे दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून पुरं करते.

देगलूर, दि. १४ नोव्हेंबर २०२५

(सही) चांगुणा ग्यानोबा सोनकांबळे

साक्षीदार १: गुरम्मा बसलिंगप्पा पाटील, शेजारीण. चांगुणाबाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली. मन्मथ यांनी कागद दोनदा वाचला.

साक्षीदार २: मन्मथ संगप्पा बिरादार. डाव्या हातानं सही केली हाय. अक्कानं माझ्यासमोर सही केली. त्या जूनमधी मी सुगतकडून रोखीनं एक बोर्ड नेला हुता. उमरीला माझ्या मेव्हण्याच्या बोअरवर मीच बसवला, आजून चालू हाय. अक्का, एकदा इचारायचं हुतं. मेव्हण्याला चार डाव फोन लावला, उचलंना. बाकीचं मागून बोलू. उमरीला निघालो.