झाकलेला कान

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की नवी पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात आता मोबाइलवाला बसतो. माझा राग मात्र जुना झालेला नाही. दादाला विणकरांच्या घरातली तेलुगू मुलगी करायची होती, म्हणून तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत. वर्षाच्या आत सिव्हिलमधून निरोप आला, रुळावर एक बेवारस तरुण सापडलाय, बघून जा. आईला तुम्ही कळू दिलं नाहीत. कॉलेजात शिकणारी मी हट्टाने मागे आले.

शवागारातल्या त्या देहाला चेहरा उरलेलाच नाही. डावा कान तेवढा शाबूत आहे. गालाला चिकटलेली पाळी, वरच्या कडेवर मटकीच्या दाण्याएवढी गाठ. पाढा चुकला की हाच कान तुम्ही पिळायचात. मी म्हणते, "अप्पा, कान बघा." "सुम्मनिरु!" गप्प करायचं झालं की तुम्हाला कानडीच सुचायची. हवालदार एकदा त्या कानाकडे बघतो, एकदा तुमच्या. "मालक, पुन्हा एकदा बघा की." तुम्ही काळी टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढता. "आमचा न्हाय हो. आमचा पुण्याला नोकरीला हाय."

आपल्या लिंगायतांत मेलेल्याला मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देऊन पुरतात. त्याचं काय केलं, कोण जाणे. आई मरेपर्यंत शेजारणींना सांगायची, "मोठा येतोय की यंदा." तुम्ही समोर बसून सुपारी कातरायचात. मला कॉन्व्हेंटात घातलंत ते चार लोकांत इंग्रजी मिरवायला. पोरगी तिथे नीट बघायला शिकेल, हे तुमच्या डोक्यातही आलं नसेल.

पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मी जन्मभर हेच केलं. कॅमेऱ्यात अर्धवट दिसलेल्या चोरांचे कान मोजले, पाळ्या आणि कडा ताडून पाहिल्या. आणि दर वेळी कोर्टात सांगितलं, नुसत्या कानावरून माणूस ठरवू नका, साम्य आहे एवढंच म्हणता येतं. म्हणजे माझ्याच शास्त्राने तुम्ही सुटता, अप्पा. खूश व्हा. पण ती टोपी? परक्याचा कान बघून कोणी स्वतःचा झाकतं का?

पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही उत्तर दिलं नसतंत. तो कान मलाही आहे. पासष्टी उलटली, तरी केस मी अजून कानांवरूनच घेते.