पाटीला इचारलं का गड्ड्यांना?

प्रिय अण्णा,

आज वर्गात माझी चोरी पकडली गेली, म्हणून लिहितेय. तुम्हाला जाऊन वर्ष होईल आता. खरं तर हे तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं.

एका मुलीचा प्रोग्रॅम अडला होता. व्हेक्टरमध्ये, म्हणजे लागेल तशी वाढणाऱ्या यादीत, तिने सात नावं भरली होती. सातही नीट छापली जायची आणि आठव्याला सगळं बंद. मी बघितलं आणि तोंडातून तुमचंच वाक्य निघालं, "पाटीला इचारलं का गड्ड्यांना?" पोरगी हसली. "मॅडम, हे कुठल्या पुस्तकातलं?" मी फळा पुसायला वळले.

आठवतं का? दुसऱ्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती. नापास झाले असते तर आत्या स्थळ घेऊन बसलीच होती. कॉलेजातला कॉम्प्युटर आठवड्यातून तासभर मिळायचा, म्हणून ओट्यावर वहीत डोकं घालून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही पंचवटीच्या बाजारातून येऊन भाजीच्या पाट्या झटकत होतात.

"काय झालं गं?"

"यादीत सातच नावं भरलीत अण्णा, आणि प्रोग्रॅम दहा सांगतो."

"तू पाटीला इचारलं का गड्ड्यांना? पाटी काय, किती मावतं तेच सांगंल. हायेत किती, ते कोबीचे गड्डे मोजल्याबिगर कसं कळंल?"

मी वहीत पाहिलं. खरंच, मी कपॅसिटी, म्हणजे किती मावतं, ते विचारलं होतं; साइज, म्हणजे आहेत किती, ते नाही! आज त्या पोरीनेही तेच केलं होतं. चौथी शिकलेले तुम्ही, कॉम्प्युटर जन्मात पाहिलेला नाही. मी लगेच पुढचं विचारलं.

"आणि अकरावा आला तर?"

"मोठी पाटी काढायची, समदे तिच्यात वतायचे. अकरावा काय डोक्यावर धरून बसायचं?"

यादी अगदी हेच करते, अण्णा. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. मी फाडफाड सांगितलं. ते खूश झाले. "कोणी शिकवलं?"

"आमच्या सरांनी," मी म्हणाले.

भाजीवाल्या बापाचं नाव घ्यायची लाज वाटली मला. आणि तुम्ही? पेढ्यांचा पुडा घेऊन त्या सरांकडेच गेलात. "लय चांगलं शिकवलं पोरीला," म्हणालात. मी शेजारी उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

उद्या फळ्यावर पाटी काढणार आहे, आत सात गड्डे. आणि त्या पोरीला सांगणार आहे, हे पुस्तकातलं नाही. माझे वडील पंचवटीत कोबी विकायचे, त्यांनी शिकवलं.

तुमचीच,
सुनंदा