आरशासमोरची बैठक

सोमवार, ४ मार्च
दिवसभर दुनियेचे केस कापतो आणि धाकट्या भाचीची एक वेणी जमेना! "मामा, तू नक्की न्हावीच आहेस ना?" — थोरली. ताई मनाच्या आजारावर उपचार घेतेय, दवाखान्यात. तोवर दोघी माझ्याकडे. खोली एक, पलंग एक. पलंग त्यांना, जमीन मला. जमीनदार झालो!

मंगळवार, ५ मार्च
बालकल्याण कार्यालयातल्या बाई येऊन गेल्या. खोली नजरेनेच मोजली. "जागा अपुरी आहे. धाकटीला दुसऱ्या कुटुंबात ठेवावं लागेल." त्या गेल्यावर मी टेपने मोजली — तेवढीच!

गुरुवार, ७ मार्च
शाळेतले समुपदेशक सर म्हणाले, "दोघींना वेगळं करू नका हं. थोरली नसली की धाकटी तोंडच उघडत नाही." दवाखान्यातली समाजसेविका म्हणाली, "मुली एकत्र आहेत, यावरच तुमची ताई तग धरून आहे." विचारलं, हे बालकल्याणच्या बाईंना सांगितलंत? दोघांचं एकच उत्तर — "आमची ओळख नाही." अरे देवा! घर एक, सांभाळणारी खाती तीन, आणि निरोप्या मी!

शनिवार, ९ मार्च
तिघांना फोन केले. सोमवारी दुकान बंद असतं, तिथेच या. घरी खुर्च्या कुठायत? बाई म्हणाल्या, "अशी पद्धत नाही." म्हटलं, पाडू की!

सोमवार, ११ मार्च
तिघं सलूनच्या खुर्च्यांवर, आरशाकडे तोंड करून! बोलायचं एकमेकांशी, बघायचं आरशात. धाकटीने सरांची खुर्ची गरकन फिरवली. सर पार भेलकांडले. बाई चक्क हसल्या.

मग बोलणं सुरू झालं. समाजसेविकेने ताईचं सांगितलं, सरांनी धाकटीचं. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलंच नाही."

"आम्हाला कुणी विचारलंच नाही!" — थोरली, कोपऱ्यातून.

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आता विचारते. सांग."

"तिला पाठवणार असाल तर मलाही पाठवा." आवाज कापत होता. माझाही कापला असता, म्हणून कंगवे पुसत राहिलो.

ठरलं — दोघी इथेच! दुकान बंद होईपर्यंत सर त्यांना शाळेत थांबवून घेणार, दर रविवारी समाजसेविका ताईची भेट घडवणार, आणि दुमजली पलंगाचं बाई बघणार.

रविवार, १९ मे
ताई बरी होऊन घरी आली! मुली तिच्याकडे गेल्या. मी रडलो नाही. (खोटं.)

मंगळवार, २१ मे
बालकल्याणच्या बाईंचा फोन. "भाऊ-बहीण आहेत, लहान. दोघांना एकत्र ठेवणारं घर मिळत नाहीये. विचार करून सांगा."

मी विचारलं, "जेवायच्या वेळेपर्यंत पोचतील ना?"