पैसे देऊन दिलेलं रक्त

बाबा, आज सेनगावला माझ्या लॅबमध्ये साखरा गावचा एक माणूस आला आणि मला दारात तुम्हीच उभे दिसलात. पन्नाशीचा, हातात कापडी पिशवी. "बाई, अंग दुखून राहिलं. रक्त तपासा." डॉक्टरची चिठ्ठी विचारली तर नाही. काय तपासायचं विचारलं तर म्हणे, "काहीबी तपासा, सस्तं असंल ते." मी दंडाला पट्टा बांधला, तर हा सुईकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघतोय. मग हळूच म्हणाला, "ह्या कामात पगार किती भेटतो वो? पोरगी बारावी झाली माझी."

तुमचीच रीत की ही! मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात घरात दुसरा विषयच नव्हता. मला लॅबचंच शिकायचं होतं. त्यात एक डिप्लोमा, आपल्या ऐपतीतला. दुसरी डिग्री, नांदेडला राहून, बँकेचं कर्ज काढून. ते कर्ज फिटेल एवढं पोरगी कमावेल का, हे सांगणारं सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्यांच्या ओळखीत कोण असणार? म्हणून तुम्हीच निघालात. औंढ्याला एक, हिंगोलीत दोन, अशा तीन लॅबमध्ये गेलात. कुठं चक्कर येते म्हणालात, कुठं कंबर धरते म्हणालात, आणि रक्त देता देता समोरच्याला पगार विचारून घेतलात. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "धडधाकट माणूस सुया टोचून घेत फिरून राहिला, याड लागलं का?" मी तर भांडलेच. "सरळ विचारायचं ना! काहून फुकट रक्त देत फिरता?" तुम्ही हसलात. "फुकट कुठं? पैसे देऊन दिलं." मग मला समजावलंत, की मासे तोलायच्या काट्यापाशी उभं राहून नुसता भाव विचारणाऱ्याला आपण तरी कुठं खरा भाव सांगतो, ज्यानं मासा घेतला त्यालाच सांगतो.

पहिल्या लॅबवाल्यानं सांगितलं, "आठ हजार भेटतात, काका. पोरीला नका टाकू ह्यात." दुसरा नीट बोललाच नाही. तिसरी होती एक डिग्रीवाली बाई. तिच्याशी बोलणं लांबलं, म्हणून तुम्हाला लाज वाटली आणि तुम्ही तिच्याकडची मोठी तपासणी घेतलीत. ती म्हणाली, सुरुवातीला पंधरा हजार धरा, पहिली दोन वर्षं हप्ता जड जाईल, पण डिप्लोमावर पोरगी एका जागी अडकून बसेल. तिच्याच रिपोर्टच्या पाठीवर तुम्ही हिशेब मांडलात. डाव्या हाताला फी आणि खोलीचं भाडं, उजव्या हाताला पगार आणि हप्ता. अंगाला माशांचा वास, पेन नांगरासारखं धरलेलं, मी शेजारी बसून आकडे सांगतेय. शेवटी खाली 'सात वर्ष' लिहून दोन रेघा ओढल्यात. "सात वर्षं म्हंजी काय लई न्हाई. माझी होडी त्याहून जुनी हाय. डिग्रीच कर."

कागदाच्या पुढच्या बाजूला काय छापलंय ते ना तुम्ही पाहिलं, ना मी. मला इंग्रजी वाचता येत होतं, बाबा. पण खोट्या दुखण्याचा रिपोर्ट कोण वाचतो? डॉक्टरला दाखवा असं ती बाई म्हणाली होती, तर तुम्हाला वाटलं, हे सगळ्यांनाच सांगत असतील. तो कागद कर्जाच्या फाईलमध्ये माझ्याबरोबर नांदेडला आला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर सुट्टीत मी हिशेब बघायला तो काढला आणि सहज उलटला. क्रिएटिनिनचा आकडा ठळक अक्षरात. त्याचा अर्थ एव्हाना मला चांगला कळत होता. तुमच्या किडन्या तेव्हाच बिघडलेल्या होत्या. मग सरकारी दवाखाना, डायलिसिस, अकरा महिने. खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा तुम्ही मला म्हणत होता, "त्या हिंगोलीच्या बाईनं सुई टोचली तर कळलंबी न्हाई. तसा हात बसव."

हात बसला, बाबा. लोक मुद्दाम माझ्याकडंच येतात. आणि कर्ज सहा वर्षांत फिटलं, तुमच्या हिशेबाच्या एक वर्ष आधी. शेवटचा हप्ता भरून बँकेच्या पायऱ्या उतरताना मी सवयीनं फोन काढला आणि मग आठवलं, सांगायचं कोणाला. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. तुम्ही असता तर आधी म्हणाला असता, माझा हिशेब चुकलाच कसा! अजून बाजारात रोहू दिसला की घ्यायचा नसला तरी मी भाव विचारते. तुमची लई आठवण येते.

आजच्या माणसाला मी सगळं खरं सांगितलं. माझा पगार, फी, पहिली जड वर्षं, सगळं. पट्टा सोडायला लागले, म्हटलं काका, आता तपासणीची गरज नाही. ऐकेनात. "न्हाई न्हाई, तुमचा टाइम घेतला मी." मग रक्त घेतलं आणि स्वस्त तपासणीबरोबर किडनीचीही माझ्या मनानं करून टाकली. दुपारी त्यांना समोर बसवून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. सगळं बराबर होतं. "म्हंजी पैसे वाया गेले म्हना," असं म्हणून ते खळखळून हसले आणि पिशवी उचलून गेले. मी आत जाऊन फ्रिजकडं तोंड करून उभी राहिले.

हे पत्र टाकायचं कुठं? त्याच फाईलमध्ये, त्याच कागदाजवळ ठेवीन. फक्त एक राहिलं. परीक्षा झाल्यावर कागद उलटला असं मी वर लिहिलंय. आईलाही तेच सांगितलंय, डॉक्टरलाही तेच सांगितलं होतं. तसं नाही, बाबा. परीक्षेला दीड महिना होता तेव्हाच मी तो उलटला होता. तुम्हाला फोन केला होता, आठवतं? तो आकडा बघूनच विचारलं होतं, पाय सुजतात का. तुम्ही म्हणालात, "पाण्यातल्या माणसाचे पाय सुजणारच की. तू अभ्यास कर."

मी अभ्यास केला.