ब्रिना बोलेपर्यंत

८ जानेवारी, सोमवार

माझी मुलगी उर्शका पहाटे ग्राझला गेली. आठवडाभर तिकडे सीमेपलीकडे ऑस्ट्रियात हॉस्पिटलात नोकरी, शनिवार-रविवारी घरी. मागे मी आणि ब्रिना. ब्रिना माझी नात, वय चार, बोलत नाही. मुकी नाही. आईशी फोनवर टेबलाखाली बसून कुजबुजते. ते मी धरत नाही. आमच्या दोघांचा संवाद उत्तम आहे. मी बोलतो, ती ऐकते.

जाताना उर्शका म्हणाली, बाबा, फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत वाट बघते, नाही बोलली तर तिला मी माझ्याजवळ नेणार. मी म्हटलं, अगं, तिकडे जर्मन बोलतात. जी पोर स्लोव्हेन बोलत नाही ती जर्मन काय डोंबल बोलणार? मुद्दा तिला पटला असावा. दार मात्र जोरात लावलं.

संकल्प: ब्रिनाला मी बोलतं करणार. उभा जन्म शाळेत संगीत शिकवलंय, एक पोर म्हणजे काय!

९ जानेवारी

योग आला. लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी सांगणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. ग्रंथपाल झ्वोंकाबाईंना म्हटलं, बुधवारची गोष्टींची वेळ माझ्याकडे द्या. दिली. वर म्हणाल्या, मास्तर, गाणी दोनच घ्या, आणि मधेमधे थांबत जा हो, मुलांना बोलू द्या. मी हो म्हटलं. वाद कशाला.

प्लॅनिंग: दर बुधवारी एक विषय. एक गोष्ट, सात गाणी. बडबडगीतं सगळी स्वतः रचणार.

१० जानेवारी, बुधवार

विषय: गोगलगाय. गाणं फक्कड जमलं.

गोगलगाय, गोगलगाय,
घर पाठीवर नेतेस काय?
भाडं नाही, कुलूप नाही,
पाऊस आला तर भीती नाही!

एकूण अकरा कडवी आहेत. तळघरातून खऱ्या गोगलगाई नेल्या होत्या. थंडीमुळे एकही शंखाबाहेर आली नाही. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. एका मुलाने काहीतरी विचारायला हात वर केला, पण मी सहाव्या कडव्यात होतो. ब्रिना कोपऱ्यात बसून ऐकत होती. चेहऱ्यावर एकाग्रता. माझ्या मते ओठ हलले.

१७ जानेवारी

विषय: झोप. अंगाईगीतं सात. दोन आया झोपल्या. याहून मोठी पावती कुठली? जाग आल्यावर एकीने विचारलं, संपलं का? लोकांना अजून हवं असतं.

ब्रिना: काही नाही. झोपेचा विषय असल्यामुळे साहजिक आहे.

२० जानेवारी, शनिवार

उर्शका आली. ब्रिना दारातच तिच्या गळ्यात पडली ती रात्रीपर्यंत सुटली नाही. दोघी पांघरुणात खुसुखुसू हसत होत्या. मी गेलो की गप्प. मी आत जाऊन पुढच्या तिन्ही आठवड्यांची योजना समजावून सांगितली. उर्शका म्हणाली, बाबा, एकदा नुसते तिच्याजवळ बसा ना, काही न म्हणता. हल्लीच्या मुलांना शिक्षणशास्त्र कळत नाही.

२४ जानेवारी

विषय: आगगाडी. सगळ्यांना एकामागे एक उभं करून झुकझुक केलं. ब्रिना गाडीत बसली नाही. दाराशी जाऊन उभी राहिली, कोट घालून. तिला बहुधा स्टेशन व्हायचं होतं. मुलं गेल्या वेळेपेक्षा कमी होती. फ्लूची साथ असावी.

३१ जानेवारी

विषय: अस्वल. मुलं आणखी कमी. साथ वाढलेली दिसते. झ्वोंकाबाई म्हणाल्या, मास्तर, साथबिथ काही नाही. मी ऐकून घेतलं नाही.

मनातून धास्ती वाटते आहे. कार्निव्हल तोंडावर आला. काल ब्रिनाच्या ताटाशी बसून तिला मुळाक्षरांचं महत्त्व सांगितलं. तिने भोपळ्याच्या बियांच्या तेलात बोट बुडवून टेबलावर गोल काढला. ती गेली तर या घरात मी कुणाशी बोलू?

२ फेब्रुवारी

सुचलं! आजपासून कार्निव्हलची सोंगं, म्हणजे आमचे कुरेंट, बाहेर पडले. अंगभर मेंढीची कातडी, कमरेला गाईच्या घंटा, छातीपर्यंत लोंबणारी लाल जीभ. हिवाळ्याला पळवून लावतात, तर एका पोरीची मुकी खोड पळवणार नाहीत? माझा सिद्धांत असा: घाबरलेलं मूल ओरडतं, आणि ओरडणं म्हणजे निम्मं बोलणंच.

शेजारच्या विलीला गाठलं. दर वर्षी तो कुरेंट होतो. एरवी व्हॅन चालवतो, दर सोमवारी उर्शकाला आणि तिकडे कामाला जाणाऱ्या बाकीच्यांना ग्राझला सोडतो. म्हणाला, अहो मास्तर, एवढाली पोरं ती, चड्डीत मुततील! मी म्हटलं, विली, कलेत थोडं सांडायचंच.

७ फेब्रुवारी, बुधवार. रात्री

विषय: हिवाळा, जा!

कुरेंट झालेल्या विलीचा प्रवेश योजनेप्रमाणे झाला. घंटा जोरदार वाजल्या. पुढचं सगळं एकदम घडलं. एकूण एक पोर किंचाळलं. एक शेल्फखाली शिरला, त्याला त्याच्या वडिलांनी पाय धरून ओढून काढलं. एक आई मला म्हणाली, लाज वाटत नाही का, आजोबा झालात ना? झ्वोंकाबाई धावत आल्या. मी गाणं थांबवलं नाही, कारण मधेच थांबलं की मुलं जास्त बिथरतात.

विली बिचारा गांगरला. डोक्यावरचं ते भयंकर प्रकरण त्याने काढून टाकलं. आत घामाघूम, लालबुंद विली.

ब्रिना रडत नव्हती. उठली, चालत त्याच्यापाशी गेली, त्याची लोकर मुठीत धरली आणि भर सभेत म्हणाली, विलीकाका, सोमवारी आईला नेता ना, मला पण घेऊन चला.

उच्चार स्वच्छ होते. मी पुढचं कडवं म्हणायला घेतलं, पण शब्द आठवेना.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

उर्शका आजच आली. मी म्हटलं, बोलली की नाही? कार्निव्हलच्या आत! अट पुरी झाली, पोर इथेच राहणार. उर्शका म्हणाली, बाबा, ती काय बोलली ते ऐकलंत का तुम्ही? मी म्हटलं, वाक्य पूर्ण होतं, क्रियापदासकट. उर्शका माझा हात धरून रडायला लागली. मग मलाही आवरलं नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे दोघी गेल्या. ब्रिनाने खिडकीतून हात हलवला. मी निरोपाचं गाणं रचलं होतं, पण विलीने गाडी काढली.

संध्याकाळी ७. कार्निव्हलच्या, आत जॅम भरलेल्या गोड क्रोफी तळून बसलो होतो, सवयीने दोघांपुरत्या. विली आला. चार खाल्ल्या. सांगत होता, मास्तर, काय सांगू, पोरगी ग्राझ येईपर्यंत गप्प बसली नाही. गाई मोजल्या, ट्रक मोजले, मला म्हणाली रेडिओ बंद करा, मला बोलायचंय. शेवटी मीच विचारलं, अगं बये, मग आजोबांपाशी का नाही बोललीस कधी?

ती म्हणाली म्हणे, आजोबांचं संपलं की बोलणार होते.

 हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.