फॉर्मवरचं जन्मसाल

ती. बाबांना छकुलीचा नमस्कार.

आमची सगळी टीम सुखरूप पोचली. जेवण पोटभर मिळतं. आईला सांगा, गुडघा अजिबात दुखत नाही. तिचा खोकला कसा आहे?

एक गोष्ट मात्र मनात डाचतेय. काल नोंदणीच्या टेबलावर माझा फॉर्म दिसला. त्यात माझं वय दोन वर्षांनी कमी लिहिलंय. सरांना विचारलं, तर म्हणाले, "तू शटलकडे बघ, कागदांकडे मी बघतो." पासपोर्टही त्यांनी स्वतःकडेच ठेवलेत. तेव्हापासून माझ्याशी फारच गोड बोलत होते. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आज सामन्यात समोर एवढीशी पोर होती. पहिला गेम मी सहज जिंकले, ती रडायला लागली. मग मला राहवलं नाही. पंचांना खरं वय सांगितलं. त्यांनी पासपोर्ट मागवून बघितला आणि मला स्पर्धेतून काढलं. सर आता बोलत नाहीत. मी मैत्रिणींच्या बाटल्या भरून देते.

बाबा, फॉर्मखाली पालकाची सही आहे. हुबेहूब तुमच्यासारखी. सरांनीच नक्कल केली असेल, अशी मी मनाची समजूत घालतेय.

सही तुमची नसेल तर लगेच फोन करा. असेल तर मी येईपर्यंत थांबा, समोर बसून सांगा.

तुमची,
छकुली