झाबेलबाईंची पोथी

१४ जुलै १९६१
झाबेलबाई आमच्या घरात आहेत. जिवंत! पानशेतचं पाणी त्यांच्या नदीकाठच्या घरात माळ्यापर्यंत चढलं. पियानो, कपाटं, फोटो, सगळं गेलं. वाल्मीकमामा बैलगाडी घेऊन पुण्याला गेला आणि त्यांना सूसला घेऊन आला. अंगावर एक ओला झगा आणि छातीशी गाठोडं. आईला वाटलं, दागिने असतील. सोडलं तर भिजून फुगलेलं एक जाडजूड पुस्तक!

आईनं यांच्याकडे चौदा वर्षं स्वयंपाक केला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून यांच्याकडूनच अक्षरं शिकले. आज मास्तरीण आहे ती त्या उंबऱ्यामुळे. आता त्या माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या, हे माझं भाग्य.

१५ जुलै
पाऊस. शाळा बंद.

बाईंना मोतीबिंदू, दिसतं ते धुरकट. पण पुस्तकाबद्दल विचारलं की डोळे असल्यासारख्या बोलतात. त्या आर्मेनियन. हा त्यांचा धर्मग्रंथ, येशूचं चरित्र. सहाशे वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या मठात एका साधूनं हातानं लिहिला. थंडीत दौतीतली शाई गोठायची म्हणे, तो काखेत धरून ती पातळ करायचा. पुढे शिपायांनी मठ लुटला, पुस्तक पळवलं. तर गावातल्या बायकांनी अंगावरचे दागिने देऊन ते सोडवून आणलं! माणूस कैदेतून सोडवावा तसं. तिथून इराण, मग गलबतानं सुरत, मग पुणे.

हे सगळं पुस्तकातच लिहिलंय. शेवटची पानं त्यासाठीच असतात. ज्यानं लिहिलं, बांधलं, सोडवलं, ज्याच्या हातून काही बिघडलं, त्या प्रत्येकानं तिथं नाव घालायचं आणि चुकीची माफी मागायची. पुढचा वाचणारा त्या नावांसाठी प्रार्थना करतो.

आईनं ऐकलं आणि पुस्तक उचलून देवघरात ठेवलं. वर हळदकुंकू! मी ओरडले. बाई हसल्या. म्हणाल्या, “राहू दे, गोजरा. आमच्या लोकांनी मुके घेऊन घेऊन चित्रं पुसलीत. तुझं कुंकू काय जड आहे?”

१७ जुलै
काय करून बसले मी!

पानं एकमेकांना चिकटायला लागली होती, वास यायला लागला होता. या हवेत साधं फडकं चार दिवस वाळत नाही. शाळेची भिजलेली हजेरीपत्रकं मी दर पावसाळ्यात इस्त्रीनं वाळवते. तेच डोकं चालवलं. बाई झोपल्या होत्या. एक सुटं झालेलं पान घेतलं, वर धोतराचं फडकं, आणि कोळशाची इस्त्री फिरवली. निखाऱ्यावर पापड आक्रसावा तसं पान आक्रसलं. निम्मं झालं! त्यावरची अक्षरं म्हणजे पक्षी होते. लाल-निळे, एकमेकांच्या शेपट्या धरलेले. आता नुसत्या सुरकुत्या.

सहाशे वर्षं टिकलं. शिपायांच्या हातून वाचलं, पुरातून वाचलं. आणि शिकल्यासवरल्या जयानं अर्ध्या मिनिटात वाट लावली.

पान जागेवर ठेवून दिलं. बाई उठल्यावर चहा दिला. बोलले नाही.

१८ जुलै
आजही नाही सांगितलं. भित्री आहे मी.

१९ जुलै
म्हसूबाबा देवासारखा आला. धनगरवाड्यातला म्हातारा. मेंढरं पावसाळ्यात पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात गेलेली, हा गुडघ्यांमुळे मागे राहिलेला. आईकडे तंबाखू मागायला आला आणि पुस्तकाकडे बघत उभा राहिला. एका पानाचा कोपरा दोन बोटांत चोळला.

“ह्यो कागद न्हाई. मेंढराचं कातडं हाय. कोवळ्या कोकराचं.”

कातडं! मग इस्त्रीखाली आणखी काय होणार? आईला निराळाच धक्का. देवाचं पुस्तक कातड्यावर, आणि तिनं ते देवघरात ठेवलेलं! म्हसूबाबा शांतपणे म्हणाला, “ढोल कशाचा अस्तुया, गोजराबाई? देवापुढंच वाजवतोय न्हवं आपन?” पुस्तक देवघरातच राहिलं.

विस्तव जवळ आणायचा नाही, हे त्यानं पहिलं बजावलं. नंतर घरी जाऊन दोन कोरडी घोंगडी घेऊन आला. पान अलगद ताणून घोंगडीच्या घडीत घालायचं, वर पाट, पाटावर जातं. लोकर पाणी ओढते, वजन पान आखडू देत नाही. रोज घोंगडी बदलायची. त्याला मी गुपचूप ते आक्रसलेलं पान दाखवलं. दोन्ही बाजूंनी चाचपून म्हणाला, “ह्ये न्हाई आता परत येत, पोरी.”

२ ऑगस्ट
रोज सहा-सात पानं. धनगरवाड्यातून आणखी पाच घोंगडी आली, न मागता. तिथली बानूबाई स्वतः घेऊन आली, थांबली, जातं उचलायला हात लावला. जातं अडकलेलं, म्हणून दळण शेजारी चंद्राबाईंकडे. घरभर मेंढरांचा वास!

आज येशूच्या जन्माचं चित्र निघालं. सोनं लखलखीत. कोपऱ्यात मेंढपाळ. म्हसूबाबा म्हणाला, ह्या मेंढरांच्या शेपट्या लई जाड, आपल्याकडची न्हाईत ही. बाईंना सांगितलं तर टाळी वाजवली. त्यांच्या आजोबांच्या गावाला तशीच मेंढरं होती म्हणे!

२७ ऑगस्ट
शेवटचं पान वाळलं. दोनशे चौदा. एक सोडून सगळी वाचली. आईनं पुरण घातलं. म्हसूबाबाला पहिलं ताट.

बाई संध्याकाळभर पुस्तक मांडीवर घेऊन एकेक पान बोटांनी चाचपत होत्या. मी चुलीपाशी बसून बघत होते. आता सांगते, आता सांगते. एका पानावर बोटं जरा थांबली, असं वाटलं. मग पुढे गेल्या. सांगायचं राहूनच गेलं.

८ ऑक्टोबर
कलकत्त्याहून त्यांचे पाद्री आले. पुस्तक आता तिथल्या त्यांच्या देवळात राहणार. बाई आमच्याकडेच राहणार! आईनं पाद्र्यांना तसं ठणकावलंच.

जाण्यापूर्वी बाईंनी पाद्र्यांकडून शेवटच्या पानावर मजकूर लिहून घेतला, त्यांच्या भाषेत सांगून. ऐकताना मला नावं तेवढी कळली. म्हसू. गोजरा. बानू. आणि जया. माझं नाव त्या साधूच्या, त्या बायकांच्या रांगेत! आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण टिकला नाही. मी काय वाचवलं आणि काय बिघडवलं, ते त्या पानाला ठाऊक नाही. पाद्र्यांना म्हटलं, मजकुराचा अर्थ इंग्रजीत लिहून पाठवा. गाडी निघून गेली तरी कबुली दिली नाही.

११ नोव्हेंबर
पत्र आलं. मजकूर असा:

“पाण्यातून हे पुस्तक म्हसू मेंढपाळानं सोडवलं, आणि गोजरानं, बानूनं, आणि माझी विद्यार्थिनी जया हिनं. वाचणाऱ्या, त्यांच्यासाठी प्रार्थना कर. पक्ष्यांचं एक पान विस्तवानं आखडलं आहे. ते माझ्या, आंधळ्या झाबेलच्या, हातून झालं. मला क्षमा कर.”

बाई ओसरीवर आईशी मेथी निवडतायत. पत्र हातात घेऊन त्यांच्याकडे चालले आहे.